लीबहेर ८५ ईसी-बी ५: दहा महिने साइटवर वापरल्यानंतर

गणपती उठले आणि त्यानंतरच्या आठवड्यात आमच्या ताथवड्याच्या साइटवर ही टॉवर क्रेन उभी राहिली. आता आषाढ लागलाय, बावीसपैकी एकोणीस स्लॅब ओतून झालेत. प्लँट आणि मशिनरीची जबाबदारी माझ्याकडे आहे, त्यामुळे या दहा महिन्यांत क्रेन बंद पडली की पहिला फोन मला यायचा. क्रेन भाड्याची आहे आणि नवी नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: पुढच्या साइटला निवड माझ्या हातात असेल तर मी हीच घेईन. पण का घेईन, ते सांगायला थोडं मागे जावं लागेल, कारण या मशीनचा स्वभाव मला तिच्या कंपनीचा इतिहास वाचल्यावरच नीट कळला.

क्रेनच्या बुडाशी, टॉवरच्या पहिल्या सेक्शनवर एक पत्र्याची पाटी आहे. रंग उडालेला, पण अक्षरं कोरलेली म्हणून वाचता येतात. लीबहेर-वेर्क बिबराख. पहिल्या महिन्यात एक दिवस पावसामुळे काम थांबलं होतं, तेव्हा ती पाटी वाचली आणि हे बिबराख कुठे आहे ते शोधायला लागलो. दक्षिण जर्मनीतलं रिस नदीकाठचं छोटं गाव. कंपनीची सुरुवात मात्र तिथली नाही, जवळच्याच किर्शडॉर्फ नावाच्या खेड्यातली.

हान्स लीबहेर यांचा जन्म १९१५ चा. घरचा छोटा बांधकामाचा धंदा होता, म्हणजे आपल्याकडे तालुक्याच्या गावी असतो तसा कॉन्ट्रॅक्टर. दुसऱ्या महायुद्धावरून माणूस परत आला तेव्हा जर्मनीतली शहरं ढिगाऱ्यात होती. घरं बांधायला लाखो माणसांची गरज आणि धडधाकट माणसं कमी. विटा, तुळया, मसाला वर चढवायचा तर हातानं किंवा साध्या हॉइस्टवर. टॉवर क्रेन ही वस्तू जर्मनीत नवी नव्हती. हाइलब्रॉनच्या यूलिउस वोल्फ कंपनीने पहिल्या महायुद्धाच्या आधीच, १९१३ साली, लाइपझिगच्या जत्रेत फिरती टॉवर क्रेन दाखवली होती. त्यामुळे लीबहेरनी टॉवर क्रेनचा शोध लावला असं कुणी सांगितलं तर ते बरोबर नाही. त्यांनी प्रश्न वेगळा धरला. मोठ्या कामावर मोठी क्रेन परवडते, पण ज्याला चार महिन्यांत तीन मजले बांधून पुढच्या गावी जायचंय, त्याने काय करायचं? त्याला हवी होती सहज वाहून नेता येणारी, झटपट उभी करून झटपट उतरवता येणारी क्रेन.

ती त्यांनी १९४९ मध्ये लोहार आणि डिझाइन करणारी माणसं हाताशी धरून बनवली. नाव टीके १०. त्याच वर्षी १९ ऑगस्टला पेटंटचा अर्ज केला आणि शरद ऋतूत फ्रँकफुर्टच्या व्यापारी जत्रेत ती नेऊन उभी केली. लोकांनी कुतूहलाने पाहिली, पण सुरुवातीला गिऱ्हाईक साशंकच होतं. मला हे फार ओळखीचं वाटलं. आपल्याकडे अजूनही नवं मशीन आणलं की मिस्त्रीपासून मालकापर्यंत सगळे आधी लांबूनच बघतात. टीके १० मात्र चालली, आणि घरच्या बांधकामाच्या धंद्यातून क्रेनचा कारखाना उभा राहिला.

मी इथे जरा थांबतो, कारण या क्रेनबद्दल मला जे आवडलं त्याचं मूळ इथे आहे. ही क्रेन कॉन्ट्रॅक्टरने कॉन्ट्रॅक्टरसाठी विचार करून बनवलेल्या क्रेनची नात आहे. क्रेन घेताना आपण सगळे विचारतो, किती टन उचलते? टीके १० बनवणाऱ्या माणसाने आधी विचारलं की ती साइटवर कशी येईल, कशी उभी राहील, कशी जाईल. दहा महिन्यांत मला रोज पटलंय की दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच पैशाचा आहे.

आता आमच्या मशीनकडे येतो. नावातले आकडे समजून घेतले की निम्मं कळतं. ८५ म्हणजे साधारण ८५ टन-मीटरचा लोड मोमेंट, म्हणजे वजन गुणिले अंतर. शेवटचा ५ म्हणजे जास्तीत जास्त पाच टन. पूर्ण ५० मीटर जिब, म्हणजे क्रेनचा आडवा हात, लावलं तर टोकाला १.३ टन. बी म्हणजे फ्लॅट टॉप, वरती जो त्रिकोणी डोक्याचा खांब आणि त्यावरून जिबला धरणाऱ्या तिरक्या सळ्या असतात, ते या क्रेनला नाही. डोकं सपाट. दिसायला थोडी बोडकी वाटते, आमच्या मालकांनी पहिल्या दिवशी विचारलंही, "हिचं वरचं काही बसवायचं राहिलंय का?"

ते डोकं नसण्याचा फायदा उभारणीच्या दिवशी कळला. टॉवरच्या वर वेगळं डोकं चढवायचं नाही म्हणून भाड्याच्या मोबाइल क्रेनला तेवढी कमी उंची पुरते, आणि जिब तुकड्या-तुकड्यानेही जोडता येतं. आमच्या प्लॉटच्या एका बाजूला शेजारच्या सोसायटीची भिंत, दुसऱ्या बाजूला रस्ता. सगळं जिब जमिनीवर पसरून जोडायला जागाच नव्हती. अर्धं जिब खाली जोडून चढवलं, उरलेले सेक्शन एकेक करून वर. सकाळी सातला सुरू केलं ते दुसऱ्या दिवशी दुपारी काउंटर वेटचे, म्हणजे तोल साधणाऱ्या मागच्या वजनाचे, शेवटचे ब्लॉक बसले. मागच्या साइटवर याच ताकदीची जुन्या पद्धतीची, डोक्याची क्रेन उभी करायला आम्हाला तीन दिवस लागले होते, रस्ता अडवावा लागला होता तो वेगळाच.

दुसरा फायदा शेजारच्या टॉवरचा. आमच्या प्रकल्पात दोन इमारती, दोन क्रेन, आणि दोघींची जिबं एकमेकींच्या हद्दीत शिरतात. फ्लॅट टॉप असल्यामुळे दोन क्रेनमध्ये उंचीचं अंतर कमी ठेवून चालतं, म्हणजे एका क्रेनला उगाच जास्तीचे सेक्शन लावून उंच ठेवावं लागत नाही. प्रत्येक जास्तीचा सेक्शन म्हणजे भाडं, वाहतूक आणि पाया, तिन्हीत भर.

पायाबद्दल एक गोष्ट आवर्जून सांगतो, कारण ती क्रेनची नाही, आपली आहे. चार पायांचे अँकर काँक्रीटमध्ये बसवताना आमच्या मुलांनी लेव्हल एकदा घेतली आणि काँक्रीट टाकताना परत तपासली नाही. व्हायब्रेटर लागला, एक पाय किंचित सरकला. नशिबाने काँक्रीट ओलं असतानाच ऑटो लेव्हल लावून बघितलं आणि सरळ करून घेतलं. खाली दोन-तीन मिलिमीटर वाटतात, पण टॉवर वर जाईल तसा तो फरक वाढत जातो. काँक्रीट पडत असताना आणि पडून झाल्यावर, दोन्ही वेळा लेव्हल घ्या.

आता रोजच्या वापराचं. आमचा ऑपरेटर झारखंडचा आहे, अकरा वर्षं क्रेनवर आहे, मराठी आमच्याइतकीच समजते. सकाळी डबा आणि पाण्याची मोठी बाटली घेऊन शिडी चढतो. त्याच्या मताला मी माझ्या मतापेक्षा जास्त किंमत देतो. तो म्हणतो, या मशीनला झटका नाही. होइस्टला, म्हणजे वजन उचलणाऱ्या यंत्रणेला, फ्रिक्वेन्सी ड्राइव्ह आहे, त्यामुळे जॉयस्टिक जितकी ढकलाल तितका वेग, गिअरसारखे टप्पे नाहीत. हे मी प्रत्यक्ष बघितलं ते प्रीकास्ट जिन्याच्या वेळी.

आमचे जिने प्रीकास्ट आहेत, म्हणजे आधीच ओतून तयार केलेले. एक फ्लाइट, म्हणजे पायऱ्यांचा एक अखंड तुकडा, सुमारे १.९ टनाचा. तो वरून खाली आणून दोन लँडिंगच्या खाचांमध्ये बसवायचा, आणि प्रत्येक बाजूला गॅप वीस मिलिमीटर. मी चौदाव्या मजल्यावर उभा होतो. फ्लाइट डोक्यावर लोंबकळत आला, दोन रिगरनी टॅगलाइन, म्हणजे वजनाला बांधलेला दिशा देणारा दोर, धरली, सिग्नलमन वॉकीटॉकीवर बोलत होता, "लोअर... लोअर... धीरे... धीरे..." शेवटच्या हातभर उंचीवर ऑपरेटरने सूक्ष्म वेगाची सोय लावली. त्यानंतर फ्लाइट खाली येताना दिसतच नव्हता. खाचेकडे टक लावून बघितलं तरच कळायचं की गॅप कमी होतोय. खाली पसरलेल्या मसाल्यात तो बसला तेव्हा आवाजसुद्धा झाला नाही, फक्त मसाला कडेनं थोडा बाहेर आला. मागच्या साइटवर हेच काम करताना फ्लाइट आपटून एका लँडिंगची कड उडाली होती. इथे चौदा मजल्यांत एकही कड उडालेली नाही.

आता त्रासाचं. पहिल्या दीड महिन्यात दुपारी होइस्ट ट्रिप व्हायचं. सकाळी ठणठणीत, दुपारी तीन-चारच्या सुमारास लोड अर्ध्यावर असताना थांबायचं. ब्रेक लागतो, लोड जागेवर राहतो, धोका नाही, पण काँक्रीटच्या दिवशी बकेट हवेत लटकलेली असते आणि खाली ट्रान्झिट मिक्सर वाट बघत असतो. भाड्याने देणाऱ्या एजन्सीचा माणूस दोनदा येऊन ड्राइव्ह बघून गेला, तिसऱ्यांदा ड्राइव्ह बदलायचं म्हणाला. शेवटी आमच्या इलेक्ट्रिशियनने दुपारी क्रेनच्या पॅनलवरच मीटर लावून ठेवला. पॅसेंजर हॉइस्ट, सळ्या वाकवायचं मशीन आणि पंप एकाच वेळी चालू झाले की व्होल्टेज एवढं पडायचं की ड्राइव्ह स्वतःला वाचवण्यासाठी बंद व्हायचं. दोष केबलचा. आमच्या मीटर रूमपासून क्रेनपर्यंतची केबल लांब होती आणि एक साइज बारीक टाकलेली. केबल बदलली, त्यानंतर एकदाही ट्रिप नाही. फ्रिक्वेन्सी ड्राइव्हचं कोणतंही मशीन घेत असाल तर केबलचा हिशेब आधी करा, नाहीतर मशीनला दोष देत महिने जातात.

मोठी अडचण आमच्या नियोजनाची निघाली. ईशान्येचा कोपरा क्रेनपासून जवळजवळ ५० मीटरवर. तिथे क्षमता १.३ टन. काँक्रीट घनमीटरला सुमारे अडीच टन, म्हणजे अर्धा घनमीटर भरलेली बकेट बाराशे-साडेबाराशे किलोची, वर बकेटचं स्वतःचं वजन. गणित जुळतच नाही. ड्रॉइंगवर क्रेन बसवताना आम्ही वर्तुळ काढलं, कोपरा वर्तुळात आला, आणि सगळे खूश झाले. वजनाचा चार्ट कुणी त्या कोपऱ्यावर ठेवून बघितला नाही. पहिल्याच स्लॅबला बकेट टोकाकडे निघाली, मोमेंट लिमिटने, म्हणजे जास्त भार आला की क्रेनला अडवणाऱ्या स्विचने, जिबवर सरकणारी ट्रॉली पुढे जाऊ दिली नाही, आणि खाली आरडाओरडा सुरू झाला.

त्या दिवशी एका सबकॉन्ट्रॅक्टरने मला बाजूला घेऊन सांगितलं, "साहेब, लिमिट जरा ढिलं करून घ्या, शंभर-दोनशे किलोने काही होत नाही." त्याच्या आवाजात वाईट हेतू नव्हता. त्याने हे आधी कुठेतरी पाहिलंय, आणि तिथे काही झालं नव्हतं. मी त्याला केबिनमधला चार्ट दाखवला आणि सांगितलं की हा स्विच ज्याने बसवलाय त्याला आपल्यापेक्षा हा टॉवर जास्त ठाऊक आहे. लिमिटला हात लागला नाही. तो कोपरा आम्ही पंपाने ओतला, आणि आजही तसाच ओततो. खर्च वाढला, तो आमच्या नियोजनाच्या चुकीचा खर्च आहे. लिमिटची चाचणी दर महिन्याला ठरलेलं वजन लावून घेतो, आणि नियमांप्रमाणे सक्षम व्यक्तीकडून तपासणी करून घेऊन दाखला फायलीत ठेवतो. अनेक साइटवर हा दाखला फक्त कागद असतो. तपासणीच्या दिवशी क्रेनसोबत स्वतः उभे राहा.

मे महिन्यातली एक रात्र मी विसरणार नाही. वळीव आला. साडेअकराला शेजारच्या सोसायटीतल्या एका काकांचा फोन, घाबरलेला आवाज. "अहो, तुमची क्रेन आपोआप फिरतेय! वर कुणी नाही आणि ती गरागरा फिरतेय!" मी गाडी काढून गेलो. विजांच्या उजेडात जिब वाऱ्याबरोबर हळूहळू वळत होतं, वारा बदलला की परत. मी काकांच्या बाल्कनीत उभं राहून त्यांना समजावलं की ते तसंच व्हायला हवं. काम संपल्यावर ऑपरेटर स्ल्यूइंगचा, म्हणजे जिब गोल फिरण्याचा, ब्रेक मोकळा करून उतरतो, म्हणजे जिब वाऱ्याच्या दिशेला पाठ करून उभं राहतं, वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या छपरावरच्या कोंबड्यासारखं. ब्रेक लावून ठेवला तर वारा आडवा लागेल आणि सगळा जोर टॉवरवर येईल. काका म्हणाले, "मग हे आधी सांगायला नको का?" त्यांचं बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी आम्ही सोसायटीच्या फळ्यावर चिठ्ठी लावली. जिब मोकळं फिरताना आजूबाजूला कुठेच अडणार नाही हे क्रेन बसवण्याआधी बघावं लागतं, आणि तेराव्या स्लॅबनंतर टाय मारून, म्हणजे टॉवर इमारतीला बांधून, तो वाढवला तेव्हा आम्ही ते पुन्हा तपासलं.

कंपनीच्या वाढीची गोष्ट अर्धी राहिली. १९५४ मध्ये बिबराखला कारखाना झाला, तिथेच आजही टॉवर क्रेनचं मुख्य काम चालतं. त्याच सुमारास हान्स लीबहेरनी हायड्रॉलिक एक्स्कॅव्हेटर बनवायला घेतला, आणि जवळच्या ओक्सेनहाउझेनमध्ये फ्रिजचा कारखाना काढला. क्रेनवाला माणूस फ्रिज का काढतो, हे मला आधी कळेना. मग आपल्याच धंद्याकडे पाहिलं. बांधकामाला मंदी आली की आधी मशीन विकत घेणं थांबतं. फ्रिज मात्र प्रत्येक घरात लागतो. १९५८ मध्ये आयर्लंडमध्ये किलार्नीला कारखाना काढला, आज तिथे बंदरातल्या कंटेनर क्रेन बनतात. १९६९ पासून एहिंगेनला चाकांच्या मोबाइल क्रेन. १९८३ मध्ये मूळ कंपनी स्वित्झर्लंडमधल्या बुल गावी नेली. हान्स लीबहेर १९९३ मध्ये गेले, पण कंपनी घराण्याकडेच राहिली. आधी मुलं, आता नातवंडंही कारभारात आहेत. २०२३ मध्ये उलाढाल १४ अब्ज युरोच्या वर, कामगार पन्नास हजारांहून जास्त.

याच्या शेजारी दुसरी गोष्ट ठेवून बघावी अशी आहे. फ्रान्समधल्या ला क्लायेत या गावात फॉस्तँ पोतँ यांनी १९२८ मध्ये काढलेली पोतँ कंपनीही छोट्या गावातूनच टॉवर क्रेनमध्ये जगात मोठी झाली. ती २००१ मध्ये अमेरिकेच्या मॅनिटोवॉकने विकत घेतली. दोन्ही रस्ते मोठे होण्याचेच. पण लीबहेरमध्ये एक गोष्ट मला पटते: स्ल्यूइंग रिंग, गिअरबॉक्स, विंच असे कळीचे भाग ते स्वतःच बनवतात. टॉवर क्रेनमध्ये वरचा सगळा फिरता डोलारा स्ल्यूइंग रिंगवर बसलेला असतो. दर महिन्याला आमचा फिटर तिथे जाऊन बोल्टचा टॉर्क तपासतो. दहा महिन्यांत एकही बोल्ट ढिला सापडला नाही. क्रेन जुनी असून.

आपल्याशी नातंही आहे. लीबहेरच्या फ्रिजचा कारखाना छत्रपती संभाजीनगरला शेंद्र्यात आहे, आणि टॉवर क्रेनचं काम पुण्यातही चालतं. त्यामुळे सुट्या भागांसाठी पूर्वीसारखं समुद्राकडे डोळे लावून बसायला नको. आमच्या वाट्याला आलेली एक दिरंगाई मात्र सांगतो: ट्रॉलीचा एक रोलर झिजला, आणि तो मिळायला एजन्सीने सतरा दिवस लावले. जुन्या मॉडेलची क्रेन भाड्याने घेताना एजन्सीकडे कोणते भाग गोडाऊनमध्ये पडून आहेत त्याची यादी करारालाच जोडून घ्या. आम्ही घेतली नव्हती.

दोराबद्दलही लिहितो, कारण पोलादी दोराची तपासणी हे या मशीनवरचं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम. तुटलेल्या तारा मोजायच्या, चपटलेली जागा शोधायची, वंगण लावायचं. आमच्या फिटरच्या हातमोज्यात एकदा तुटलेली तार अडकली म्हणूनच ती जागा सापडली. कंपनीने २०१९ मध्ये ऑस्ट्रियाच्या टॉयफेलबर्गरसोबत विकसित केलेला फायबरचा दोर असलेल्या क्रेन आणल्या. वजन पोलादी दोराच्या पाचव्या भागाइतकं आणि आयुष्य चौपट, असा त्यांचा दावा. दोर हलका म्हणजे टोकाला तेवढं जास्त वजन उचलता येतं. ईशान्येच्या कोपऱ्यासाठी मला तो दोर फार हवासा वाटला.

भाड्याचा आकडा देत नाही, कारण तो मुदत, उंची आणि टायच्या संख्येवर इतका बदलतो की माझ्या आकड्याने तुमची दिशाभूलच होईल. एवढंच विचारा की उभारणी, उतरवणी, टाय आणि मोबाइल क्रेन, हे भाड्यात आहे की बाहेर. उतरवणीचा विचार आजच करा. आमच्या क्रेनच्या बाजूला आता क्लब हाउसचं काम सुरू व्हायचंय, आणि दिवाळीत क्रेन उतरवायला जी मोबाइल क्रेन येईल ती तिथेच उभी राहणार आहे. मी लेआउटवर त्या जागेवर लाल पेनाने चौकट काढून ठेवलीय, आणि सिव्हिलच्या लोकांना सांगितलंय की क्रेन खाली येईपर्यंत तिथे एक वीटसुद्धा लागणार नाही.